तेविसावं पेर

"तोंड उघडा. अजून. आता जीभ बाहेर," असं म्हणत डॉक्टर नारायणस्वामींनी तुळजाबाईंच्या घशात दांडीचा छोटा आरसा घातला, आणि शेजारी बसलेल्या मीही नकळत जबडा वासला. डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी तो मिटला.

आरसा बाहेर आला. डॉक्टरांनी तो पुसला, पुन्हा पुसला, आणि विचारलं, "शाळेला सुट्टी किती दिवसांची?"

"नाताळची पंधरा दिवस," तुळजाबाई म्हणाल्या. म्हणाल्या म्हणजे, त्यांच्या घशातून ओल्या वाळूवरून खाट ओढल्यासारखा आवाज आला, आणि त्यातून आपण शब्द निवडून घ्यायचे.

"मग पंधरा दिवस एक शब्दसुद्धा बोलायचा नाही. कुजबुजायचं तर मुळीच नाही, ते जास्त वाईट. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, वाफ, मिरी घातलेलं दूध, संध्याकाळी समुद्रावर चालणं. सव्वीस वर्षं तुम्ही चाळीस-चाळीस पोरींवर ओरडलात, आता पंधरा दिवस स्वतःसाठी काढा. नाहीतर जानेवारीत हा आवाज परत येणार नाही. मग पुढेही येईल असं मला वाटत नाही." मग ते माझ्याकडे वळले. "तुम्ही घरच्या ना? लक्ष ठेवा."

मी घरची नव्हते. मैलापुरात तुळजाबाईंचं वडिलार्जित घर होतं, त्याच्या माडीवर आम्ही चार वर्षं भाड्यानं राहत होतो. आमचे हे, म्हणजे शरदचंद्र, सरकारी हिशेब तपासणीच्या कचेरीत. बदली होऊन साताऱ्याहून थेट मद्रासला आलेले. तुळजाबाई तंजावरकडच्या मराठी. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज तिकडे गेले ते परत आले नाहीत. लहानपणीच कपाळ पांढरं झालेली ही बाई वडिलांच्या हट्टानं शिकली, मास्तरीण झाली, आणि आता त्यांचं असं जवळचं कुणी उरलं नव्हतं. म्हणून डॉक्टरांकडे मी. आणि मौनावर पहारा ठेवायला साऱ्या मद्रासेत डॉक्टरांना माझ्यासारखी बडबडी बाई सापडावी, याचं यांना इतकं हसू आलं की चहा नाकात गेला.

मी मात्र काम मनावर घेतलं. एक पाटी आणली, तिला दोरीनं ओल्या फडक्याचा बोळा बांधला, आणि तुळजाबाईंच्या गळ्यात मंगळसूत्रासारखी घालते की काय अशी त्यांना भीती वाटेपर्यंत त्यांच्या हातात कोंबली. त्या माझ्यासाठी बाळबोधीत लिहायच्या, मोठं, ठसठशीत, फळ्यावर लिहावं तसं. पहिल्या दिवशी पाटीवर आलं, 'दुधांत मिरी फार.' दुसऱ्या दिवशी, 'तुमी किती बोलतां.' मी म्हटलं, तुमच्या वाटणीचंही मलाच बोलायला लागतंय. त्या आवाज न करता हसल्या. खांदे हलले नुसते.

मार्गळीचे, म्हणजे इकडच्या मार्गशीर्षाचे, दिवस होते. पहाटे देवळाच्या बाजूनं भजनं ऐकू यायची, दारोदारी हातभर रांगोळ्या, हवा मद्रासच्या मानानं चक्क गार. गल्लीतल्या इतर मास्तरणी गाण्याच्या सभांना जात, माहेरी जात, दुपारी ताणून देत. आमच्या बाई सुट्टीतही साडेआठला आंघोळ करून, इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसून, केस घट्ट बांधून झोपाळ्यावर बसायच्या. मी म्हणायची, अहो, पडा जरा. त्या मान हलवायच्या आणि पडायच्या नाहीत.

चौथ्या दिवशी मी जिन्यातून खाली येत होते. माझ्या माहेरच्या घड्याळानं नुकताच पाऊण तासाचा ठोका दिला होता, पावणेदहा. खालून पुटपुटणं ऐकू आलं. पूजा असेल असं वाटून मी पायरीवर थांबले. पूजा नव्हती. तुळजाबाई झोपाळ्यावर ताठ बसल्या होत्या, डोळे समोरच्या रिकाम्या भिंतीवर, ओठ हलत होते आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. करंगळीपासून सुरुवात, एका हाताची बारा पेरं संपली, मग दुसरा हात. मध्येच अंगठा थांबला. डाव्या हाताची तर्जनी, मधलं पेर. त्या थांबल्या आणि कान देऊन काहीतरी ऐकू लागल्या. कुणीतरी उत्तर द्यायचं राहिलंय, असं. भिंतीतून कोण काय बोलणार? मग अंगठा पुढे सरकला, आणि पुटपुटणं पुन्हा सुरू झालं.

"कुजबुज जास्त वाईट म्हणालेत डॉक्टर," मी जोरात म्हटलं. खरं तर मी घाबरले होते.

त्या दचकल्या. पाटीवर लिहिलं, 'हजेरी.' मग पुसून, 'आपोआप होतें.'

"सुट्टीत कुणाची हजेरी?"

त्यांनी पाटी उलटी करून मांडीवर ठेवली.

पाचव्या दिवशी तेच, सहाव्या दिवशी तेच. पावणेदहा, झोपाळा, आणि डाव्या तर्जनीच्या मधल्या पेरावर तो थांबा. मी पेरं मोजली. तेविसावं. एरवी दिवसभर त्या बऱ्या असायच्या, पण ती पाच मिनिटं झाली की तोंड राखेसारखं व्हायचं. डॉक्टरांची मिरी, वाफ, समुद्रावरचं चालणं, सगळं एकीकडे, आणि ती पाच मिनिटं एकीकडे. आठव्या दिवशी दुपारी मी झोपाळ्यासमोर फतकल मारून बसले आणि म्हटलं, "तेवीस नंबरला कोण आहे ते सांगितल्याशिवाय मी उठायची नाही."

त्यांनी पायानं झोपाळा थांबवला. मग त्यांनी पाटी उचलली. त्या लिहायच्या, मी वाचायची, त्या पुसायच्या, पुढचं लिहायच्या. दीड वर्षं कुणालाही न सांगितलेली गोष्ट मला अशी चार-चार शब्दांनी कळली, आणि प्रत्येक चार शब्द वाचून होताच माझ्या डोळ्यांदेखत नाहीसे झाले.

तेवीस नंबरला सरोजा नावाची मुलगी होती. इयत्ता चौथी. तिचा बाप दूर रामेश्वराकडे कुठल्याशा अन्नछत्रात आचारी, आई सुंदरीबाई इथे घरोघर वडे-पापड घालून द्यायची. तंजावरकडचीच माणसं. शाळेचा एक नियम होता: पावणेदहाला हजेरी, आणि जी मुलगी गैरहजर, तिच्या घरी साडेदहाच्या आत अलमेलू आयानं जाऊन विचारायचं. लोक त्या नियमाच्या भरवशावर मुली शाळेत पाठवत. इतर मास्तरणी बाकांकडे बघून रेघा ओढायच्या. तुळजाबाईंनी सव्वीस वर्षांत तसं कधी केलं नाही. एकेक नाव मोठ्यानं घ्यायचं, मुलीनं उभं राहून 'उळ्ळेन अम्मा', म्हणजे 'आहे बाई', म्हणायचं, तोंड बघायचं, मग रेघ.

गेल्या वर्षीच्या जुलैत घसा पहिल्यांदा बसला. डॉक्टर म्हणाले, आवाज जपा. एका गुरुवारी त्यांनी जपला. बाकांकडे नजर टाकली, बाकं भरलेली वाटली, आणि बेचाळीस रेघा ओढल्या. तेवढ्यात परीक्षेच्या कामासाठी हेडबाईंनी त्यांना दिवसभर कचेरीत बसवलं, वर्ग दुसऱ्या बाईंकडे गेला.

सरोजा त्या दिवशी शाळेत पोचलीच नव्हती. नारळाच्या बागेतली आडवाट तिनं धरली आणि बागेतल्या कोरड्या विहिरीत पडली. संध्याकाळी गुरं बांधायला आलेल्या माणसाला कण्हणं ऐकू आलं. इस्पितळात रात्र काढली तिनं, पहाटे गेली. पोलीस शाळेत आले तेव्हा वर्गातल्या दोन-तीन पोरी म्हणाल्या, सरोजा आली नव्हती. दोघी म्हणाल्या, आली होती. पोरींचं कोण ऐकतो? त्यांनी हजेरीचा पट मागवला. पटावर रेघ होती. सगळ्यांनी ठरवलं, पोर शाळा सुटल्यावर घरी जाताना पडली, तासाभरापूर्वी. 'आली होती ना?' पोलिसानं तुळजाबाईंना विचारलं.

'मी हो म्हणून मान हालिवली,' त्यांनी लिहिलं. त्यानंतरचं त्यांनी फार बारीक अक्षरात लिहिलं. 'आवाज जपला. त्या दिवशी.'

आपण आठ दिवस ज्या बाईला विश्रांती घे, स्वतःला जप म्हणून छळतोय, तिच्या लेखी स्वतःला जपणं म्हणजे काय आहे, हे मला तेव्हा कळलं. मी उगाच म्हटलं, "अहो, सकाळी सापडली असती तरी कदाचित..." त्यांनी बोळ्यानं पाटी पुसली आणि आत निघून गेल्या.

दोन दिवसांनी सुंदरीबाई आली.

मी तिला कधी पाहिलं नव्हतं. चाळिशीची, वाळकी बाई, हातांना तांदळाच्या पिठाचे डाग. पानावर गुळाचा पोंगल, म्हणजे मूगडाळ घातलेला गोड भात, घेऊन आली होती. सकाळचे अकरा वाजले असतील. झोपाळ्यासमोर जमिनीवर बसली, पोंगल ठेवला आणि म्हणाली, "सुट्टींत असतां म्हणून आत्ता आलें, टीचर. शाळेंत तुमाला वेळ नसतो. मी सरोजाची आई."

तुळजाबाईंनी झोपाळ्याची कडी घट्ट धरली. मी घाईघाईनं सांगितलं की बाईंचा घसा गेलाय, डॉक्टरांनी बोलायला मना केलंय, त्या पाटीवर लिहितात.

"मला वाचतां येत नाहीं," सुंदरीबाई म्हणाली. "सरि, तुमी वाचून सांगा. मला येकच विचारायचं हाय. दीड वर्ष विचारीन विचारीन म्हणतें, धीर होत नाहीं." तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "विहिरींत तिचा डबा सापडला. दहीभात तसाच होता, भरलेला. दुपारी ती कां जेविली नाहीं?"

तिनं एकदा बाईंकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं.

"त्या दिवशी सकाळीं मी तिला मारिलं होतं. वेणींत अबोली पाहिजे म्हणून रडत होती, उशीर होत होता, मी येक लगावली. तशीच गेली. माझं कोवम धरून दिवसभर उपाशी राहिली कां ती? वर्गांत रडत होती? तुमाला कांहीं बोलिली? येवढंच सांगा. दुसरं कांहीं नको मला."

सरि म्हणजे बरं, कोवम म्हणजे राग. एवढं तमीळ मला येत होतं.

तुळजाबाईंनी पाटी घेतली. लिहून झाल्यावर पाटी त्यांनी माझ्यापुढे धरली. तिच्यावर लिहिलं होतं, 'ती त्या दिवशी आली नव्हती. सकाळींच पडली. मी न बघतां हजेरी लाविली. वाचा.'

शेवटचा शब्द माझ्यासाठी होता.

मी पाटीकडे पाहिलं. समोर त्या बाईचं तोंड वर झालेलं, ओठ किंचित उघडे. ही पोर दिवसभर त्या विहिरीत होती, हे मी, साताऱ्याहून आलेली भाडेकरू, हिला सांगू? काय मिळणार आहे त्यातून कुणाला? मी घसा खाकरला आणि वाचलं, "त्या म्हणतायत, सरोजा त्या दिवशी अगदी हसत-खेळत होती. राग-बीग काही नव्हता. सकाळी वर्गात कुणीतरी लाडू वाटले होते, म्हणून भूक नव्हती तिला."

मी आयुष्यात पुष्कळ बोलले आहे, पण इतकं सरळ खोटं त्याआधी कधी बोलले नव्हते. सुंदरीबाईनं डोळे मिटले. तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं, आणि मला वाटलं, आपण बरोबर केलं.

"एक," असा आवाज आला.

आधी मला कळलंच नाही कुठून. तुळजाबाई उठून उभ्या राहिल्या होत्या. "एक. अंबुजा," त्या म्हणाल्या. त्या घशातून तेवढंही निघताना गळ्याच्या शिरा फुगल्या.

"बाई! बोलू नका!" मी ओरडले.

"दोन. आनंदवल्ली. तीन. कनका."

मी पाणी आणायला धावले, परत आले, त्यांच्या पाया पडायची बाकी राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. त्या वर्गात उभ्या होत्या. प्रत्येक नावानंतर थांबत होत्या, कुणीतरी उभं राहायला जितका वेळ लागतो तितका. सुंदरीबाई आधी गोंधळली. मग ओळखीची नावं येऊ लागली तशी तिच्या तोंडावर हसू आलं. "कल्याणी! आमच्या घराशेजारची ती," ती मला म्हणाली. "दोघी येकत्र जात." दहा झाले, पंधरा झाले. आवाज तुटत होता, नुसती हवा निघायची, मग पुन्हा एखादं अक्षर लागायचं. वीस. एकवीस. "बावीस. सत्यभामा."

"तेवीस," तुळजाबाई म्हणाल्या. "सरोजा."

त्या थांबल्या. भिंतीवर पाल चुकचुकली. मी डोळे मिटून घेतले.

"ॲबसेंट."

हा शब्द सुंदरीबाईला कळत होता. मद्रासमध्ये तो कुणाला कळत नाही? तिचं हसू पुसायला वेळ लागला.

"आली नव्हती ती," तुळजाबाई म्हणाल्या. "सकाळींच गेली विहिरींत. डबा म्हणून भरलेला. मी बघितलं नाहीं, रेघ ओढली. अलमेलूला तुमच्या घरीं पाठविलं नाहीं. तुमच्यावर कोवम नव्हतं तिला. दुपारीं जेविली असती ती."

त्यानंतर त्यांचे ओठ आणखी हलले, पण आवाज आला नाही. तो पुढे कधीच आला नाही.

सुंदरीबाई बसूनच राहिली. मग तिनं मला विचारलं, अगदी साध्या सुरात, बाजारभाव विचारावा तसं, "सकाळपासून?"

मी मान हलवली. होय म्हणून. या वेळी खोटं नाही.

"कोवम नव्हतं," ती स्वतःशी म्हणाली. मग उठली. तुळजाबाईंच्या समोर जाऊन उभी राहिली, आणि मला वाटलं आता ही मारते. मारलं असतं तर मी आडवी गेले नसते. "दीड वर्ष," ती म्हणाली, "मी दहीभात तोंडांत घातला नाहीं. दीड वर्ष मी माझ्या हाताला शिव्या दिल्या. तुमाला ठाऊक होतं. येक पाय माझ्या घरीं येऊन सांगितलं असतं तर?" तुळजाबाई मान खाली घालून ऐकत होत्या. सुंदरीबाईनं पोंगलचं पान उचललं, पुन्हा पदराखाली घेतलं आणि चालू लागली. मला ते बघून इतकं वाईट वाटलं, आणि तिचं इतकं बरोबर होतं.

राहिलेले दिवस तुळजाबाई पडून होत्या. डॉक्टर येऊन गेले, आरसा न काढताच मान हलवली त्यांनी. मला म्हणाले, "तुम्हाला लक्ष ठेवायला सांगितलं होतं." आश्चर्य म्हणजे त्या दिवसांत बाई झोपल्या. दुपारी, संध्याकाळी, भिंतीकडे तोंड करून, लहान मूल झोपतं तसं.

शाळा उघडायच्या दिवशी त्या साडेआठला आंघोळ करून पांढरं लुगडं नेसल्या. हातात छत्री आणि हेडबाईंच्या नावाचं पाकीट. मला त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं, 'सर्व लिहिलें आहे. पटावरची खूण बदलायला सांगितली आहे.' मी म्हटलं, मी येते बरोबर. त्यांनी नको म्हणून हात हलवला.

दार उघडलं तर ओट्यावर सुंदरीबाई बसली होती. कधीची बसली होती कुणास ठाऊक. ती उठली, तुळजाबाईंकडे न बघता म्हणाली, "तो कागद कुठं असतो? मला बघायचा हाय."

"तुम्हाला वाचता कुठे येतं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"तिची रेघ कुठली ती बोटानं दाखवतील," ती म्हणाली.

दोघी निघाल्या. मी गच्चीवर गेले; तिथून रस्ता पार वळणापर्यंत दिसायचा. सुंदरीबाई पुढे, तुळजाबाई चार पावलं मागे, छत्री मिटलेलीच. दोघींत काही बोलणं नव्हतं, आणि असतं तरी एकीचंच असतं. वळणावर मोठा रस्ता उजवीकडे जातो आणि डावीकडे ती आडवाट, नारळाच्या बागेत शिरणारी. दीड वर्षात सुंदरीबाईनं तिकडे पाऊल टाकलं नव्हतं, हे मला पुढे कळलं. ती वळणावर उभी राहिली. मग डावीकडे वळली.

तुळजाबाई तिथेच उभ्या. मी वरून बघत होते आणि मनात म्हणत होते, जा, बाई, जा. बऱ्याच वेळानं त्यांनी लुगड्याच्या निऱ्या किंचित उचलल्या आणि त्याही बागेत गेल्या.

झाडांमुळे पुढचं दिसत नव्हतं. खाली माझ्या घड्याळानं पाऊण तासाचा ठोका दिला. मी सवयीनं कान दिला. झोपाळा रिकामा होता, त्यावर पाटी पडली होती, कोरडी, पुसलेली.